मातीचं चार सेंटिमीटरचं मांजर

छोटी मूर्ती करायला बसलेला नवखा माणूस पहिल्या दहा मिनिटांतच फसतो, कारण तो अंदाजाने माती तोडतो. धड होतं, डोकं होतं, मग पाय लावायची वेळ येते आणि कळतं की एक पाय हत्तीचा झालाय नि दुसरा बगळ्याचा. जाड पायातली माती थोडी काढायची, बारीक पायाला थोडी लावायची, तोवर दुसऱ्या हातात धरलेलं डोकं चेपलेलं असतं. यात हाताचा दोष कमी, हिशेबाचा जास्त.

हिशेब असा आहे. गोळीचा व्यास दुप्पट केला की माती आठपट लागते. १० मिलिमीटरच्या गोळीशेजारी १२ मिलिमीटरची गोळी ठेवली तर ती डोळ्याला किंचितच मोठी वाटते, पण तिच्यात माती जवळजवळ पाऊणपट जास्त असते. वीतभर मूर्तीत दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी कुणाला पत्ता लागत नाही. चार सेंटिमीटरच्या मूर्तीत तेच दोन मिलिमीटर म्हणजे सुजलेला गाल.

म्हणून इथे एकच मूर्ती करू, पण प्रत्येक भाग मोजून: बसलेलं मांजर, कानांसकट साधारण चार सेंटिमीटर. मांजरच का? ते बसलेलं असतं, त्यामुळे पायांवर भार येत नाही. मान जाड चालते. शेपूट अंगाशी गुंडाळलेली असते, त्यामुळे तुटायला बाहेर काही उरत नाही. पहिल्याच दिवशी एका पायावर नाचणारी परी करायला घेऊ नये. मी घेतली होती. ओव्हनमधून बाहेर आली तेव्हा ती झोपलेली परी होती.

माती कोणती घ्यायची

तीन पर्याय आहेत आणि तिघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकीची युक्ती दुसरीला लागू पडेलच असं नाही.

पॉलिमर क्ले ही खरं तर माती नव्हेच. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग असं ते मिश्रण असतं. हवेवर ती सुकत नाही, त्यामुळे अर्धवट मूर्ती झाकून ठेवून चार दिवसांनी पुन्हा हातात घेता येते. साध्या ओव्हनमध्ये पक्की होते, आटत जवळजवळ नाही, आणि रंगीतच मिळते. नवख्याने हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ५७ ग्रॅमच्या एका वडीत आपली तीन मांजरं सहज होतात.

हवेवर सुकणारी माती, म्हणजे एअर ड्राय क्ले, स्वस्त पडते आणि तिला ओव्हन लागत नाही. पण ती पाण्यावर चालते: पाणी उडालं की आटते, आटली की भेगा पडतात. घाईत काम करावं लागतं. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

कुंभाराची नैसर्गिक माती हाताला सगळ्यांत सुखाची, पण तिला भट्टी हवी. घरचा ओव्हन तिला फक्त वाळवतो, भाजत नाही. मातीतलं रासायनिक बांधणीत अडकलेलं पाणी सुटायला पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते सुटेपर्यंत ती मूर्ती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते. ओल्यापासून भाजून होईपर्यंत ही माती साधारण आठ ते बारा टक्के आटते, म्हणजे चार सेंटिमीटरचं मांजर भट्टीतून साडेतीन-पावणेचारचं होऊन बाहेर येतं. जाताजाता एक गैरसमज: भट्टीत मूर्ती फुटते ती आत हवेचा बुडबुडा राहिल्यामुळे, असं सर्रास सांगितलं जातं. खरा गुन्हेगार पाणी. पुरती न वाळलेली माती तापली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की ती वाट करून घेते.

हत्यारं

महागडा संच घेऊ नका. गुळगुळीत टाइल, धारदार पातळ पातं, जाड सुई किंवा दाभण, टूथपिक, मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी आणि टोकाला बारीक गोळी असलेली एखादी सळई, एवढ्यात सगळं होतं. टाइल यासाठी की मूर्ती तिच्यावरच घडवून टाइलसकट ओव्हनमध्ये ठेवता येते. उचलायला गेलं की मऊ मूर्तीचा आकार हमखास बिघडतो.

एक वस्तू मात्र जरूर मिळवा: भूमितीच्या चित्रांसाठी वापरतात ती वेगवेगळ्या मापांच्या भोकांची वर्तुळपट्टी. गोळी वळायची, भोकावर धरायची. कडेला टेकून जेमतेम पलीकडे गेली की माप बरोबर. मोजपट्टीने गोळीचा व्यास मोजत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

कच्ची पॉलिमर क्ले प्लास्टिकवर ठेवून देऊ नका. भोकावर क्षणभर धरलेल्या गोळीने काही होत नाही, पण रात्रभर ठेवलेली मूर्ती प्लास्टिसायझरमुळे काही प्लास्टिकं विरघळवते. माझ्या एका पारदर्शक डब्याच्या झाकणावर अजूनही चार पंजांचे खड्डे आहेत. बटर पेपरवर ठेवा, काचेवर ठेवा. आणि मातीला लागलेली पाती, लाटणी, ताटल्या पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. त्या आता कायमच्या इकडच्या.

मळणं

पुड्यातून काढलेली वडी कडक असते. तुकडे करा, तळहातांत गरम करा, सुरळी वळा, दुमडा, पुन्हा वळा. कानाच्या पाळीइतकी मऊ झाली आणि दुमडताना कडेला चिरा पडेनाशा झाल्या की माती तयार. याला पाच ते दहा मिनिटं लागतात. इथे कंटाळा केलात तर भाजल्यावर मूर्ती ठिसूळ होते. फार चिकट वाटली तर सुरळी लाटून दोन कागदांमध्ये वजनाखाली तासभर ठेवा, जास्तीचं तेल कागद ओढून घेतो.

रंगांचा क्रम पांढऱ्यापासून गडदाकडे. उलटं केलंत तर पांढऱ्या मांजराला लाल डाग पडतील. पांढरी माती कपड्याचा प्रत्येक धागा आणि हवेतली धूळ उचलते, त्यामुळे लोकरी स्वेटर घालून तिच्या वाटेला जाऊ नका. हात ओल्या वाइपने पुसा आणि वाळू द्या. रंग मिसळायचा असेल तर फिक्यात गडद घाला, तेही टाचणीच्या डोक्याएवढं एकेका वेळी. गडद रंग थांबायचं नाव घेत नाही.

अंग

फॉइलचा कपटा चुरगाळून १२ मिलिमीटरचा घट्ट गोळा करा आणि टाइलवर दाबत फिरवून गुळगुळीत करा. हा मांजराच्या पोटात जाईल. माती तर वाचतेच, पण खरा फायदा भाजताना होतो: सगळीकडे मातीचा थर पाच-सहा मिलिमीटरचाच राहतो, त्यामुळे आतपर्यंत सारखा भाजला जातो आणि तडे जात नाहीत.

आता मातीचा २२ मिलिमीटरचा गोळा मोजा, पण वळून मोजल्यावर त्यात फॉइल ढकलू नका, माप फुगेल. आधी फॉइलवर माती चढवा, मग पूर्ण गोळा २२ भरतोय का पाहा. तळहातांत एका बाजूला थोडा जोर देत वळलं की गोळ्याचा थेंब होतो. उंची २५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, बारीक टोक वर. खालची बाजू टाइलवर हलके दाबून बसवा. इथे थांबून चारही बाजूंनी बघा. थेंब एका बाजूला कललेला असेल तर आत्ताच सरळ करा, डोकं बसल्यावर ते जमणार नाही.

मागच्या मांड्या: ८ मिलिमीटरच्या दोन गोळ्या, किंचित चपट्या करून धडाच्या दोन्ही बाजूंना खाली, जरा मागच्या अंगाला. दोन्ही सारख्या करण्यासाठी वेगवेगळ्या वळू नका. एकसारख्या जाडीची सुरळी वळा, मोजपट्टी शेजारी ठेवून समान लांबीचे दोन तुकडे पात्याने कापा, मग त्यांच्या गोळ्या करा. जोडीतला प्रत्येक अवयव याच पद्धतीने करायचा: पाय, पंजे, डोळे. ही एक सवय लागली की मूर्ती आपोआप नेटकी दिसू लागते.

पुढचे पाय म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुरळीचे १६ मिलिमीटरचे दोन तुकडे. छातीपासून सरळ खाली, एकमेकांना चिकटून. पंजांसाठी ४ मिलिमीटरच्या चार गोळ्या, दोन पुढे, दोन मांड्यांखालून डोकावणाऱ्या. प्रत्येक पंजावर सुईने दोन रेघा. तीन नाही, दोन. तीन रेघा काढल्या की पंजा कंगव्यासारखा दिसतो.

जोडताना दोन्ही बाजूंना सुईने बारीक ओरखडे काढा आणि दाबून बसवा. पॉलिमरला पाणी लावून उपयोग नाही, उलट सांधा निसटतो. लिक्विड पॉलिमर क्ले मिळाली तर तिचा थेंब लावा. पाण्याने जोडायची सवय हवेवर सुकणाऱ्या मातीत कामाला येते, आणि कुंभाराच्या मातीत तीच माती पाण्यात कालवून लावतात.

डोकं १६ मिलिमीटरच्या गोळीचं. वरून हलकं दाबा, म्हणजे उंचीपेक्षा रुंदी थोडी जास्त होईल. धडाचं टोक जरा चपटं करून त्यात टूथपिकचा सेंटिमीटरभर तुकडा अर्धा रोवा आणि उरलेल्या अर्ध्यावर डोकं बसवा. बसवताना डोकं पाच-दहा अंश एका बाजूला वळवा. एकदम समोर बघणारं मांजर दुकानातल्या साच्यातून निघाल्यासारखं वाटतं. मान जराशी वळली की ते काहीतरी ऐकतंय असं दिसतं, आणि यासाठी आपल्याला काहीच जास्त करावं लागलेलं नसतं.

कानांची युक्ती मला खूप उशिरा कळली. दीड मिलिमीटर जाडीचा ५ मिलिमीटरचा चौकोन कापा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरा. दोन अगदी सारखे त्रिकोण मिळतात. लांब बाजू डोक्याला लावा, मधे सळईने एकदा दाबून खळगा करा.

शेपूट ३ मिलिमीटर जाड, ३५ मिलिमीटर लांब, टोकाला निमुळती, मागून पुढे आणून पंजांवर टेकवलेली. संपूर्ण लांबी अंगाला चिकटलेली हवी.

चेहरा

इथे घाई करू नका. मूर्तीकडे बघणारा सगळ्यात आधी डोळ्यांकडे बघतो.

आधी डोकं चार बाजूंनी बघून सुईच्या टोकाने दोन अगदी हलके ठिपके करा, डोक्याच्या उंचीच्या मध्यावर किंवा त्याच्या किंचित खाली. डोळे वर गेले की मांजर वयस्क आणि चिडलेलं दिसतं, खाली आणि लांब-लांब ठेवले की पिल्लू दिसतं. ठिपके पटले नाहीत तर बोट फिरवून पुसता येतात, म्हणून आधी ठिपके. मग सळईने त्या जागी उथळ खळगे. काळ्या मातीची १ मिलिमीटर जाडीची सुरळी वळा, तिचे मिलिमीटरभराचे दोन तुकडे कापा, बोटाच्या टोकावर त्यांच्या गोळ्या करा. खसखशीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी गोळी झाली पाहिजे. ती बोटांनी लावायला जाऊ नका. टूथपिकचं टोक किंचित ओलं करा, गोळी त्याला चिकटते, खळग्यात टेकवा आणि सळईने दाबा. दुसरा डोळा लावण्याआधी मूर्ती हातभर लांब धरून बघा. ही मूर्ती कायम तेवढ्याच अंतरावरून बघितली जाणार आहे. नाकाजवळ धरून केलेला तिळाएवढा बदल तिथून दिसत नाही, पण डोळ्यांतला तिरकेपणा मात्र दिसतो.

नाकासाठी मोहरीच्या निम्म्याएवढी गुलाबी गोळी, त्रिकोणी दाबलेली. त्याखाली सुईने छोटी उभी रेघ.

मिशा? करू नका. खरं बसलेलं मांजर आपल्या मूर्तीच्या साधारण दहापट उंच असतं, आणि त्याची मिशी मुळाशीसुद्धा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असते. तिच्या दहाव्या हिश्शाचा धागा केसाहूनही बारीक झाला. आपण जी लावू ती मिशी नसेल, काठी असेल. छोट्या मूर्तीत प्रत्येक तपशिलाला हा प्रश्न विचारायचा: या मापात तो दिसला असता का? नखं, भुवया, कपड्यांची शिवण, बहुतेक गोष्टी या प्रश्नावर गळतात, आणि मूर्ती सुधारते.

बोटांचे ठसे

चेकियातल्या मोराविया भागात दोल्नी व्हेस्तोनित्से इथे १९२५ साली भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम ११ सेंटिमीटर, वय २५ हजार वर्षांपेक्षा जास्त. तिच्या पाठीवर एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे, कुणीतरी ती मऊ असताना हाताळली होती. भाजलेला ठसा जात नाही, एवढं त्यावरून पटावं.

आपण मात्र तो आधी काढू. भाजण्यापूर्वी दिवा एका बाजूने तिरका धरा, ठसे लगेच उठून दिसतात. मऊ ब्रशवर कणभर कॉर्नस्टार्च घेऊन अंगावर फिरवा, किंवा कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून हलक्या हाताने पुसा. बोटांनी घासत बसलात तर जुने ठसे जातात आणि नवे येतात.

भाजणं

पुड्यावर लिहिलेलं तापमान पाळा, दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. ब्रँडप्रमाणे ते बदलतं: फिमोच्या पुड्यावर ११० अंश सेल्सिअस असतं, प्रीमोच्या पुड्यावर १३०. दोन ब्रँड एका मूर्तीत मिसळले तर कमी तापमान धरा आणि वेळ वाढवा. वेळेचा सर्वसाधारण ठोकताळा म्हणजे सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास. आपल्या फॉइलवाल्या मांजराला पाऊण तास द्या.

ओव्हनच्या खटक्यावर विश्वास ठेवू नका. वेगळा ओव्हन थर्मामीटर आत ठेवला की कळतं, खटका ११० म्हणत असताना आत १३० असू शकतं. ओव्हन आधी तापवून स्थिर होऊ द्या, टाइल मधल्या कप्प्यात, तापणाऱ्या सळ्यांपासून लांब. वर फॉइलचा सैल तंबू करा. हा तंबू न करता मी एक पांढरंशुभ्र मांजर आत ठेवलं होतं. कान तपकिरी, पोट पांढरं, अशी एक नवीनच जात तयार झाली. मायक्रोवेव्हमध्ये भाजू नका. खिडकी उघडी ठेवा. आणि झणझणीत वास आला, धूर दिसला तर ओव्हन बंद करून खोलीबाहेर जा: जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो घशाला आणि फुप्फुसांना वाईट.

बाहेर काढल्यावर मांजर दाबून बघायचा मोह होईल. गरम असताना ते रबरासारखं वाकतं, आणि कच्चं राहिलं असं वाटून लोक पुन्हा भाजायला टाकतात. थांबा. गार झाल्यावरच ते पक्कं होतं. खात्री हवी असेल तर मूर्तीबरोबर दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी भाजा आणि गार झाल्यावर ती वाकवा. नीट भाजलेली पट्टी वाकते, कच्ची कटकन तुटते. पट्टी कच्ची निघाली तर मांजर पुन्हा ओव्हनमध्ये जाऊ शकतं, त्याला दोनदा-तीनदा भाजल्याने काही होत नाही.

खडबडीत वाटलं तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरू करून १०००पर्यंत घासा, पण पाण्यात धरून, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. रंग लावायचा तर अ‍ॅक्रिलिक. नेलपॉलिश आणि बरेचसे स्प्रे वॉर्निश पॉलिमरवर महिनोन्महिने चिकट राहतात. पाण्यात मिसळणारं वॉर्निश घ्या आणि तेही फक्त डोळ्यांना लावा. डोळे चमकतात, अंग मॅट राहतं.

हवेवर सुकणारी माती असेल तर

मापं तीच, पण काम अर्ध्या तासात आटपायचं आणि उरलेली माती ओल्या फडक्यासह हवाबंद पिशवीत ठेवायची. टूथपिक चालेल, तारेचा सांगाडा पहिल्या मूर्तीत नको, कारण माती आटते, तार आटत नाही, आणि भेग नेमकी तारेवर पडते. फॉइलच्या गोळ्यावरचा थर सगळीकडे सारखा ठेवा. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवू नका. पहिला दिवस वर सैल पिशवी टाकून, दर काही तासांनी मूर्ती आडवी-उलटी करत वाळवा. एक ते तीन दिवस लागतात. सुकली का हे कळायला तळ गालाला लावा: गार लागला तर आत अजून पाणी आहे. भेगा पडल्याच तर तीच माती पाण्यात कालवून सुईने भरा. शेवटी वॉर्निश तळालाही लावा, नाहीतर दमट हवेत ती खालून पाणी पिते.

मांजरानंतर

लगेच माणसाकडे वळू नका. हेच मांजर आणखी चार वेळा करा, त्याच मापांनी. तिसऱ्या वेळी तुम्ही वर्तुळपट्टी न बघता ८ मिलिमीटरची गोळी काढाल. मग झोपलेला कुत्रा, घुबड, बसलेला अस्वलबाळ. माणूस करताना एवढं ध्यानात ठेवा की खऱ्या प्रौढाची उंची सुमारे साडेसात डोक्यांची असते, पण पाच सेंटिमीटरच्या मूर्तीत त्या हिशेबाने डोकं सात मिलिमीटरचं होईल आणि त्यावर चेहरा मावणार नाही. चार डोक्यांची उंची धरा. हात खिशात घाला, पाठीमागे बांधा, मांडीवर ठेवा, काहीही करा, पण पहिल्या मूर्तीत पाच बोटं सुटी करू नका. उभी मूर्ती असेल तर पायांत तार घालून ती खाली पायथ्यात रोवा.

कान तुटला तर वॉर्निश लावण्यापूर्वी लिक्विड क्लेचा थेंब लावून पुन्हा भाजता येतो. वॉर्निश लावलेलं असेल तर सुपरग्लू. आणि भाजण्याआधी तळाशी सुईने क्रमांक कोरून ठेवा. माझ्या मांजरांपैकी १ नंबरला एकच कान आहे, ४ नंबर तपकिरी कानांचं, आणि ७ नंबरच्या पंजांवर अजूनही तीन-तीन रेघा आहेत.